डाव्या बाहीतला हात

जानेवारीत थळला जायचं तर माझ्याआधी माझं नाक पोचतं. दुपारी फाट्यावर रिक्षातून उतरते न उतरते तोच समुद्राकडून येणारा खारा वारा वाळत्या बोंबलांचा वास घेऊन सामोरा येतो. हा वास ज्यांना सोसत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पुण्यात माझ्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी माझ्या हातातल्या सुक्या बोंबलांच्या पिशवीकडे बघून लिफ्ट सोडली आणि जिना धरला. वरच्या मजल्यापर्यंत चढल्या बिचाऱ्या. मला मात्र त्या वासाने एकदम भूक लागते, आणि भुकेच्या मागोमाग थोडं रडू येतं. दोन्ही एकाच जागेवरून येत असणार.

कोळीवाड्यात शिरलं की दोन्ही बाजूंना बोंबलांच्या दोऱ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टांगायची, एक अलीकडे, एक पलीकडे. खिळा नाही, चिमटा नाही. एकाच्या तोंडाने दुसऱ्याला धरलेलं असतं, एवढ्यावर ती जोडी वाऱ्यात तरते आणि कडक वाळून खाली येते. माझी आई हे काम शेजारणीशी भांडता भांडता करते. दारात पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकलेल्या असतात, वाडीतून वालाच्या शेंगा आलेल्या असतात, आणि सकाळी अंगणातल्या वाळूत पाय ठेवला तर ती चक्क गार लागते. आमच्याकडे थंडी म्हणतात ती एवढीच, पण तिचं कौतुक फार. कानटोप्या निघतात.

या दिवसांत मला दरवर्षी एक नाट्यगृह आठवतं. ते अलिबागला नाही, मुंबईलाही नाही. ते जपानात ओसाकाला आहे आणि तिथे बाहुल्यांचा खेळ चालतो. सुक्या बोंबलांचा आणि जपानी बाहुल्यांचा संबंध काय, असं कोणी विचारलं तर सांगायला एक हिवाळा लागतो. आज तोच सांगायला बसले आहे.

मी पोटासाठी जपानी शिकले. कंपन्यांच्या बैठकांत दोन बाजूंच्या मधे बसायचं, इकडचं तिकडे करायचं, तिकडचं इकडे. बैठक चांगली झाली की दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बघून हसतात आणि मधे कोणी बसलं होतं हे विसरून जातात. ते विसरले म्हणजे माझं काम नीट झालं. या कामाच्या निमित्ताने वर्षभर मी ओसाकात होते. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या हारुएबाई म्हाताऱ्या, एकट्या आणि कडक. चपला दारात कशा काढायच्या यावरून त्यांनी मला पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं होतं. एका रविवारी त्यांनी फर्मान काढलं, आज बुनराकू बघायला जायचं. बुनराकू म्हणजे बाहुल्यांचा खेळ. मी मनात म्हटलं, झालं! जत्रेत दोऱ्यांवर नाचणारे राजा-राणी मी लहानपणी पाहिले होते आणि त्यांचा मला तेव्हाही कंटाळा आला होता.

पडदा सरकला आणि मी सावरून बसले. बाहुली लहान नव्हती, चांगली पाच-सहा वर्षांच्या पोरीएवढी होती, अंगात रेशमी किमोनो. दोरी कुठे नाही. तिला धरून तीन पुरुष उभे, लपूनछपून नाही, चांगले प्रेक्षकांसमोर. एकाच्या हाती बाहुलीचं डोकं आणि उजवा हात. दुसऱ्याकडे फक्त डावा हात. तिसरा वाकून तिच्या पायांशी. डोकं सांभाळणाऱ्याचा चेहरा उघडा आणि अंगावर झोकदार पोशाख, बाकीचे दोघे मात्र नखशिखांत काळ्यात, तोंडावरसुद्धा काळा बुरखा. बाजूच्या उंचवट्यावर एक गायक बसलेला, शेजारी तीन तारांचं शामिसेन घेतलेला वादक. गायकाने समोरची पोथी उचलून कपाळाला लावली आणि मग त्या एका गळ्यातून बाई बोलू लागली, तिचा नवरा बोलू लागला, सासरा खोकला, पोर रडलं.

मी हारुएबाईंच्या कानाशी लागले. "ही माणसं तर सगळी दिसतात."

"दिसू देत," त्या म्हणाल्या. "थोड्या वेळाने दिसायची थांबतील."

मला हसू आलं. एका बाईला तीन धटिंगण चिकटलेत, ते दिसायचे कसे थांबतील? मग बाहुली शिवायला बसली. तिने सुई उचलली, डोळ्यासमोर धरली, मान किंचित तिरकी केली. टाका घातला, दोरा ओढला, लांबवर, हात खांद्याच्या वर जाईपर्यंत. डाव्या हाताने कापड ताणून धरलं. पुन्हा टाका. शेवटी वाकून दोरा दातांनी तोडला आणि शिवणीवरून बोट फिरवलं. दोरा नव्हताच. तिच्या हातांत काहीसुद्धा नव्हतं, पण तो दोरा मला दिसला, त्याचा ताण दिसला, तोडताना झालेला बारीक आवाजही मी ऐकला असं मी आजही शपथेवर सांगेन. आणि मग एकदम लक्षात आलं की मघापासून मी त्या काळ्या माणसांना पाहिलेलंच नाही.

परतताना हारुएबाई सगळं सांगत होत्या. पोरगा आला की आधी वर्षानुवर्षं पाय. मग वर्षानुवर्षं डावा हात. डोकं हातात येईपर्यंत केस पिकतात. डाव्या हातवाल्याचं काम सगळ्यांत अवघड, कारण त्याने आपल्या हाताकडे बघायचं नसतं. बघायचं ते बाहुलीच्या मानेकडे. मुख्य माणूस तोंडाने चकार शब्द काढत नाही, त्याचा खांदा जरासा हलतो, बाहुलीचं डोकं जरासं वळतं, आणि तेवढ्यावरून डाव्याने ओळखायचं की आता पंखा उघडायचा आहे की डोळे पुसायचे आहेत. "सगळे लोक डोक्याकडे बघतात," हारुएबाई म्हणाल्या. "मी डाव्याकडे बघते. माझे यजमान गेल्यापासून मला तोच दिसतो." एवढं बोलून त्या स्टेशनकडे भराभर चालू लागल्या.

त्याच हिवाळ्यात परशादादाचा फोन आला. परशादादा माझा चुलतभाऊ, माझ्या वडलांच्या बोटीवर लहानाचा मोठा झालेला. म्हणाला, "नंदे, काकाच्या अंगावरून वारं गेलंय. डावी बाजू गेली. घाबरू नको, पन ये."

घाबरू नको म्हटल्यावर माणूस घाबरतोच. मी मिळेल त्या विमानाने आले.

माझे वडील म्हणजे दामा तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, समुद्रात त्याचा शब्द शेवटचा. बाबांच्या बाबतीत तो घरातही शेवटचाच असायचा. त्यांनी समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याजवळून हाक मारली तर थळच्या किनाऱ्यावरची कुत्री उठतात, असं लोक गमतीने म्हणायचे. तो माणूस खाटेवर एका कुशीला पडलेला होता, डावा हात दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा शेजारी. जीभ थोडी जड झाली होती, पण बोलणं कळत होतं. मला बघून म्हणाले, "आलीस? कामं सोडून कशाला आलीस?" आणि डोळ्यांतून पाणी. बाबांना रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, घराची एक भिंतच खाली आली.

समुद्र सुटला हे त्यांनी कसंबसं गिळलं. म्हातारपणी तो सगळ्यांचाच सुटतो. पण समुद्र सुटलेला तांडेल अंगणात बसून जाळी सांधतो, त्यात त्याची सगळी पत असते. फाटलेलं जाळं त्याच्यासमोर आणून टाकतात, जाता-येता त्याला वाऱ्याचं विचारतात, म्हावरं, म्हणजे मासळी, कुठे लागेल ते विचारतात, आणि तो खाली मान घालून गाठी मारत उत्तरं देतो. बाबांनी स्वतःसाठी हेच म्हातारपण योजून ठेवलं होतं. आणि जाळं सांधायला दोन हात लागतात. डाव्या हातात बांबूची चपटी पट्टी धरायची, तिच्यावरून दोरा घेऊन जाळ्याचं एकेक घर पाडायचं, गाठ डाव्या अंगठ्याखाली दाबायची आणि उजव्या हाताने सुई ओढून ती आवळायची. अंगठा जरा लवकर सुटला की गाठ सरकते, घर मोठं होतं, म्हावरं निघून जातं.

बाबांनी पट्टी पायाच्या बोटांत धरून पाहिली. मग दातांत धरून पाहिली. एक दिवस सुई अंगणापलीकडे भिरकावली, खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच. ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं. परशादादाने माणुसकीने फाटकी जाळी गुपचूप दुसऱ्या एका म्हाताऱ्याकडे सांधायला दिली. ते बाबांना कळलं, आणि त्यांनी बोलणंही सोडलं. अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हात येईल किंवा येणार नाही, पण माणूस असा भिंतीकडे बघत राहिला तर हा हिवाळा काढेल की नाही सांगता येत नाही. मी घरी येऊन आईला तेच सांगितलं. ती बोंबील टांगत होती. तिने ऐकलं आणि पुढची जोडी टांगली.

दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. "आवो. उठा. डावा हात मी धरते. तुमी सुई चालवा."

बाबा भिंतीकडेच बघत म्हणाले, "बाईमानसाचा हात जाल्याला? माजी आय जन्मात कवा जालं वलांडून गेली नाय."

आमच्या घरातली ही रीत. बाईने जाळ्याला शिवायचं नाही, ओलांडायचं तर नाहीच. त्याच जाळ्यातून आलेलं म्हावरं डोक्यावर पाटी घेऊन अलिबागच्या बाजारात विकायचं ते मात्र बाईनेच. यामागचं तर्कशास्त्र विचारायची सोय नव्हती. आईने तरी विचारलं. "मंग म्हावरं पन बाप्यांनीच विका की!" आई पदर खोचून बाहेर निघून गेली आणि त्या दिवशी शेजारणींशी जरा जास्तच भांडली.

त्या आठवड्यात परशादादाच्या अंगणात पोपटी लागली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर पुन्हा पाला, मडकं पालथं आणि भोवती पेंढ्याचा जाळ. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तो ओल्या पाल्याचा उग्र, गोडसर वास सुटतो आणि माणसं आपोआप गोळा होतात. परशादादाने बाबांना खुर्चीसकट उचलून आणलं. ते नको नको म्हणत होते, पण एका हाताने माणूस किती विरोध करणार? मी त्यांच्या शेजारी बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून फोनवर त्या जपानी बाहुल्यांचा एक तुकडा शोधला आणि त्यांच्यासमोर धरला. बाहुली शिवत होती.

बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ही काली भुतं कोन?"

किती दिवसांनी त्यांनी काही विचारलं होतं. मी हुरळून जाऊन सगळं सांगायला लागले, डोकं कोणाकडे, पाय कोणाकडे. आई शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "एका बाहुलीला तीन बाप्ये? आन् हितं एक बाई तीन मानसांचं करते ती कोनाला दिसत नाय."

"ते पण दिसत नाहीत, आय. तशीच रीत आहे. आणि गंमत म्हणजे बाईच्या बाहुलीला पाय नसतातच. किमोनोचा घोळ हलवून पाय आहेत असं भासवतात."

"पाय नाय? मंग बाजाराला जाते कशी?"

सगळे हसले. बाबाही हसले, तोंडाच्या एका बाजूने. मग त्यांनी मला तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. बोटाने दाखवत म्हणाले, "ह्यो डाव्यावाला. याचं नाव लिवतात का बाहेर पाटीवर?"

"नाही. डोकंवाल्याचं लिहितात."

"तोंड झाकलेलं, नाव नाय. मंग करतो कशाला?"

आई शेंगेतून दाणा काढून त्यांच्या तोंडाशी नेत म्हणाली, "बाहुली पडंल ना, नायतर."

बाबांनी दाणा खाल्ला. फोनकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने बाबांचा निळा स्वेटर काढला, बोटीवर घालायचा, दोन माणसं मावतील असा. डाव्या बाहीची शिवण खांद्यामागून उसवली. बाबांना अंगणात बसवून तो घातला. परशादादाने एक फाटकं जाळं, सुई आणि पट्टी पुढ्यात आणून टाकली. त्यांचा लुळा हात आत पोटाशी दुमडून ठेवला. मग हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवून वर फडकं गुंडाळलं, वाजू नयेत म्हणून. पदर डोक्यावरून पुढे ओढला, पार हनुवटीपर्यंत, आणि त्यांच्या पाठीमागे बसून आपला डावा हात त्या रिकाम्या बाहीत घातला. बाहीच्या तोंडातून हात बाहेर आला. उन्हात रापलेला, कोयत्याच्या खुणा असलेला, ओळखीचा हात.

बाबा त्या हाताकडे बघत राहिले. "ही काय सोंगं, हिरे?"

"मी नाय हितं," आई पदराखालून म्हणाली. "सुई घ्या."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले नाहीत. उजव्या हाताने वाळूतली सुई उचलली, फुंकर मारून साफ केली, आणि म्हणाले, "पट्टी जरा वर धर."

पहिल्या गाठी सगळ्या सरकल्या. आईचा हात म्हावरं साफ करून तयार झालेला, भलताच चपळ. बाबांची ओढ पुरी होण्याआधीच अंगठा सुटायचा. "अगो, बाजार हाय काय हा? गिऱ्हाईक पलतंय काय?" बाबा चिडायचे. आई पदराखालून पुटपुटायची. पदर जरा वर करून ती हाताकडे बघू पाहायची आणि तिथेच चुकायची. मी तिला हारुएबाईंचं सांगितलं, की डाव्याने हाताकडे बघायचं नाही, बघायचं मानेकडे. "पदरातनं मान कुठं दिसते?" ती म्हणाली. मग तिने आपला मोकळा उजवा हात बाबांच्या पाठीवर सपाट ठेवला, दोन खांद्यांच्या मधे. ओढ घेताना बाबा श्वास सोडायचे, लांब, आणि पाठ हळूच खाली जायची. पाठ खाली जाईस्तोवर अंगठा धरायचा, वर येऊ लागली की सोडायचा. हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही कोणाला सांगितलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की दुपारपर्यंत गाठी बसू लागल्या होत्या आणि बाबांनी सकाळपासून एकदाही भिंतीकडे पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी आपणहून जेवण मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि मग वाढलं.

आता कोळीवाड्याबद्दल सांगायला हवं. आमच्या कोळीवाड्यात कोणाच्या पोराने कोणाला मेसेज केला ते संध्याकाळपर्यंत खालच्या आळीला ठाऊक असतं. गुपित ठेवायचं तर मनातसुद्धा बोलू नये. आणि त्याच कोळीवाड्याने तो पूर्ण हिवाळा माझ्या आईला पाहिलं नाही. माणसं यायची, बाबांसमोर उकिडवी बसायची, वाऱ्याचं विचारायची, बोंबलाचा भाव काय निघाला ते सांगायची. निळ्या स्वेटरमागे लुगड्याचा एक ढीग बसलेला आहे, डाव्या बाहीतून बाईचा हात आलेला आहे, कोणाच्या डोळ्यांना म्हणून ते दिसलं नाही. एकदा गंगूआत्या आल्या, आईच्या बाजारातल्या जोडीदार. पार पुढ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "काय तांडेल, हिरा हाय का घरात?"

बाबांनी गाठ आवळली. "नाय. बाजाराला गेलीय."

"आली की सांगा, गंगू येऊन गेली."

"सांगतो."

पदर हलत होता. आत आई हसत होती. गंगूआत्याही वळल्यावर हसल्या असतील, पण वळल्यावर. त्या क्षणी मला ओसाकाचं ते भरलेलं नाट्यगृह आठवलं. तिथे तिकीट काढून आलेल्या माणसांना न पाहण्याची सवय होती, पिढ्यानपिढ्यांची. इथे कोणी काही ठरवलं नव्हतं. त्यांना फक्त एवढं कळलं होतं, की आपण पाहिलं तर तांडेल पडेल. मला माझ्या गावाचा फार वेळा राग येतो, पण त्या हिवाळ्यापुरतं मी त्याचं सगळं माफ केलं आहे.

आणि मग एका रविवारी परशादादाचा जावई पनवेलहून आला. चांगला मुलगा, मनमोकळा. त्याला कोण काय सांगणार? तो अंगणात शिरला, बाबांच्या पाया पडला आणि मागे बघून मोठ्याने म्हणाला, "अरे वा, आजी! तुम्ही पण जाळी विणता? एक नंबर! थांबा, फोटो काढतो." आणि त्याने फोन वर केला.

बाबांची सुई जागच्या जागी थांबली. अंगणात चार-पाच माणसं होती, सगळ्यांनी माना खाली घातल्या. परशादादाचं तोंड काळवंडलं. बाहीतला हात हळूहळू मागे सरकायला लागला. मला वाटलं, संपलं. आता हे पुन्हा खाटेवर जाणार, आणि या वेळी उठणार नाहीत. त्या बिचाऱ्या जावयाला मी त्या क्षणी समुद्रात ढकलून दिलं असतं.

बाबांनी उजव्या हातातली सुई खाली ठेवली आणि बाहीतून निघणारा तो हात मनगटाशी धरला.

"थांब," ते म्हणाले. "गाठ बाकी हाय."

हात थांबला. बाबांनी सुई घेतली, ओढ घेतली, आईच्या अंगठ्याने गाठ धरली, गाठ बसली. मग त्यांनी मान वळवली, जेवढी वळत होती तेवढी, उजवा हात डोक्यावरून मागे नेला आणि चाचपडत आईचा पदर वर केला. आई घामाने डबडबलेली होती, कुंकू पसरलेलं. उजेडाने डोळे बारीक झालेले.

"काढा फोटो, जावईबापू," बाबा म्हणाले. जीभ जड होती, पण आवाज जुना होता, खांदेरीवरचा. "नीट काढा. ह्यो तांडेल. आनि ही त्याचा डावा हात. दोघं येऊ द्या."

आईने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "मना तोंड तरी धुवू द्या."

फोटो निघाला. त्यात बाबा समोर बघताहेत, आई बाजूला बघतेय, आणि दोघांच्या मधे एक स्वेटर आहे. हारुएबाईंना मी तो पाठवला. बुनराकूत मुख्य माणूस चेहरा उघडा ठेवून खेळ करतो, तो त्याचा मान. डाव्याला तो मान नाही, त्याने काळ्यातच राहायचं. हारुएबाईंचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. त्यांनी लिहिलं होतं, की डाव्या हातवाल्याचा चेहरा बघायची माझी इच्छा होती, ती पुरी झाली. मला त्यांच्याबद्दल त्या दिवसाइतकी माया कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आईने पदर घेतला नाही आणि बांगड्यांवर फडकंही बांधलं नाही. प्रत्येक गाठीला त्या वाजायच्या. बाबा म्हणायचे, "आता तर बोटीवरनं पन आयकू येईल." बाईच्या हाताने सांधलेली जाळी परशादादाने बोटीवर चढवली आणि समुद्राने काही ती परत फेकली नाहीत. बाबांनी तो हिवाळा काढला. पुढचेही काढले. डॉक्टरांवर रुसायचं मला काही कारण उरलं नाही.

मागच्या पावसात बाबा गेले. झोपेत, शांतपणे, असं लोक मला पुन्हा पुन्हा सांगतात, आणि मी मान हलवते.

यंदा जानेवारीत नाकामागोमाग मी घरी पोचले तर अंगणात जाळं पसरलेलं. परशादादा अजून सवयीने आणून टाकतो. आई त्याच्या कडेला बसलेली. अंगात निळा स्वेटर, थंडी म्हणून. डावी बाही खांद्यापाशी उसवलेलीच, तिने ती कधी शिवली नाही. हातात बांगड्या नाहीत. डाव्या हातात पट्टी, पट्टीवर दोरा, अंगठा त्यावर दाबून धरलेला.

"आय, एकटी कशी सांधतेस?"

"सांधते कुठं? धरून बसलेय." ती हसली. "मना डावाच येतो. उजवा त्यांचा हुता."

तिला दोन हात आहेत, शिकली तर महिन्यात शिकेल, हे मला कळत होतं. तिलाही कळत असणार. मी बॅग पडवीत टाकली, तिच्यापुढे पाठ करून बसले आणि वाळूतली सुई उचलली. इतके हिवाळे बघितलेलं होतं, पण हाताला कुठे ठाऊक? पहिली गाठ सरकली. दुसरीही. "गिऱ्हाईक पलतंय काय?" मागून आई म्हणाली, आणि तो त्यांचाच सूर होता. मग तिचा डावा हात माझ्या काखेखालून पुढे आला आणि उजवा तळवा माझ्या पाठीवर टेकला, दोन खांद्यांच्या मधे. केवढा गरम होता तो. त्या हाताखाली बाबा इतकी वर्षं बसले होते हे मला तेव्हा पाठीने कळलं.

मी श्वास सोडला आणि सुई ओढली. गाठ आवळली, दोरा ताठ झाला. झालं होतं. पण आईचा अंगठा सुटेना.

"झालं, आय," मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली. "ते अजून वढायचे."

दोरा संपला होता. तरी मी हात खांद्याच्या वर नेत ओढत राहिले, पाठीवरचा तळवा हलेपर्यंत.